पाच लिटरची प्रार्थना

पेंटरबाईची खरी प्रार्थना ब्रश धुताना होते. गुडघे टेकणं, डोळे मिटणं, हात जोडणं हे ती रविवारी करते, चार लोकांच्या देखत. मनातलं बोलणं मात्र टर्पेंटाइनच्या डब्यापाशी. ब्रश घुसळायचा, रंग सुटेपर्यंत देवाला सगळं सांगून टाकायचं, फडक्याला पुसायचा आणि आमेन. तिच्या ताईला हे बिलकूल पसंत नव्हतं. "देवासमोर असल्या वासात जाऊ नये गं," ताई म्हणायची. त्यावर हिचं उत्तर ठरलेलं, "वासाशिवाय गेले तर तो मला ओळखणार कसा?"

वय सेहेचाळीस, उंची बेताची, म्हणून शिडी स्वतःची. बापही पेंटरच होता. पोरीचा हात स्थिर आहे हे बघून त्यानं तिच्या हातात ब्रश दिला, आणि पुढं स्वतःचा हात कापायला लागला तेव्हा सगळा धंदाच दिला. गावातली निम्मी दुकानं, डॉक्टरांचं दार, शाळेच्या भिंतीवरचे पाढे, 'येथे गाडी लावल्यास हवा काढली जाईल' हे सगळं तिच्याच अक्षरात आहे. नंतर छापील फलक आले आणि दुकानदार तिकडे वळले. त्यांच्याविषयी पेंटरबाईला विचारू नये. विचारलंच, तर हातातलं काम टाकून ऐकायची तयारी ठेवावी.

आई गेली तेव्हा ही आठ वर्षांची होती आणि ताई सोळाची. वेणी घालण्यापासून शाळेत बाईंची बोलणी खाण्यापर्यंत आईची सगळी कामं ताईनं केली. ताईचं लग्न ठरलं तेव्हा तिनं नवऱ्याला एकच अट घातली, की धाकटी माझ्याबरोबर येणार. भावोजी स्वभावानं गरीब, म्हणाले येऊ दे. "बायको आणली, तिच्या मागोमाग मेहुणी आली आणि मेहुणीच्या मागोमाग शिडी," असं ते अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. शिडी त्यांच्याच व्हॅनच्या टपावर बांधलेली असते.

चर्चच्या आवारभिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून, आठ फुटी पत्र्याचा फलक आहे. दर शनिवारी त्यावर नवं वचन लिहायचं काम पेंटरबाईकडे होतं. या कामाचं तिचं एक शास्त्र होतं आणि तेही बापाकडून आलेलं. रस्त्यावरची पाटी वाचणारा माणूस गाडीत असतो. त्याच्याकडे तीन सेकंद असतात. तीन सेकंदांत माणूस सात शब्द वाचतो. म्हणून अक्षर वीतभर उंच, शब्द सात, आणि सातव्या शब्दाला वचन संपलं. मग ते पवित्र शास्त्रात कितीही लांब असेना का. पाळकसाहेब नवे होते तेव्हा त्यांनी एकदा दबकत विचारलं, "बाई, पुढचं वाक्य राहिलं का?" ही म्हणाली, "पुढचं वाचायला लोकांनी आत यावं म्हणून ठेवलंय." पाळकसाहेबांना हे एवढं आवडलं की त्यांनी रविवारच्या उपासनेत त्यावर अख्खा संदेश दिला.

वचन कुठलं लिहायचं ते भाकीतमास्तर ठरवायचे. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ. गावातल्या प्रत्येक पन्नाशीच्या माणसाचा कान त्यांनी कधी ना कधी पिळलेला. निवृत्तीनंतर त्यांनी भविष्यवादाचा ध्यास घेतला. एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात शास्त्र, आणि कानामागे पेन्सिल. कुठं धरण फुटलं, कुठं टोळ आले, कुठल्या राजानं कुठल्या राजाशी हात मिळवला, हे ते शास्त्रातल्या ओळींशी जुळवून पाहत. जगाचा शेवट त्यांनी यापूर्वी दोनदा सांगून झाला होता. "तारीख चुकली, भाकीत नाही," असं म्हणून त्यांनी दोन्ही वेळा नवी वही घातली.

आणि मग लढाई पेटली. नकाशावर बोटाच्या पेरानं झाकली जाईल एवढी समुद्राची एक चिंचोळी वाट. जगाचं कितीतरी तेल म्हणे त्या वाटेनं जायचं. दोन बलाढ्य देश तिच्यावरून हमरीतुमरीवर आले, तिसऱ्यानं गॅसची पाइपलाइन उडवली, चौथ्यानं आपली बंदरं बंद केली, आणि यांपैकी एकाही देशानं ज्याचं नाव ऐकलेलं नाही अशा या गावातल्या पंपासमोर रांग लागली. रांग पंपापासून निघायची, चर्चच्या भिंतीला घासून जायची आणि वळणावरच्या औषधाच्या दुकानापाशी संपायची.

लढाईनं भाकीतमास्तर दहा वर्षांनी तरुण झाले. शाळेच्या अडगळीतून त्यांनी जगाचा जुना नकाशा मिळवला, प्रार्थनेच्या खोलीत टांगला आणि त्यावर रंगीत टाचण्या लावायला सुरुवात केली. उत्तरेचा राजा कोण, दक्षिणेचा कोण, कुठलं जहाज कुठं बुडालं, सगळं बोट ठेवून दाखवायचे. एरवी प्रार्थना सभेला बारा डोकी असायची, ती साठ झाली. फलकासाठीही त्यांनी वेचून वेचून वचनं दिली. पहिल्या आठवड्यात लढाया आणि लढायांच्या बातम्या, दुसऱ्यात राष्ट्रावर उठणारं राष्ट्र, तिसऱ्यात दुष्काळ आणि धरणीकंप. पेंटरबाईनं तिन्ही वेळा सातव्या शब्दाला ब्रश उचलला.

रांगेत उभ्या माणसाला दुसरं बघायला काय असतं? दोन लिटरसाठी आलेला माणूस फलक वाचायचा आणि बायकोला फोन करून घरातले सगळे डबे मागवायचा. पंपाचा मॅनेजर एक दिवस कपाळाला हात लावून तिच्याकडे आला. "बाई, तुमची ती पाटी! आधी माझा साठा संध्याकाळपर्यंत पुरायचा. आता अकराला पंप कोरडा."

"मी नुसती लिहिते," पेंटरबाई हसत म्हणाली. "तक्रार असेल तर वर करा."

हसणं तिला पुढच्या शुक्रवारी महागात पडलं.

ताईची मूत्रपिंडं दीड वर्षापूर्वी थकली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला मशीनवर जावं लागे, आणि मशीन होतं चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या हॉस्पिटलात. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. भावोजींच्या म्हाताऱ्या व्हॅनला त्याला पाच लिटर तरी लागे, आणि पंप आता एका गाडीला पाच लिटरच देत होता, तेही पंपात असलं तर. बस लढाईच्या दुसऱ्या आठवड्यातच बंद झाली होती. हॉस्पिटलनं ताईला चिठ्ठी दिली होती, पण मॅनेजर तरी काय करणार? "रांगेतले निम्मे लोक कागदावर आजारी आहेत," तो म्हणाला. "मी डॉक्टर थोडाच आहे?"

त्या शुक्रवारी भावोजी रांगेत नववे होते तेव्हा पंपावर 'संपले' अशी पाटी लागली. ती पाटीसुद्धा पेंटरबाईनंच लिहून दिलेली होती. व्हॅन ढकलत घरी आणली. ताईचं मशीन चुकलं.

"एक दिवस चुकलं तर काही होत नाही," ताई म्हणाली. हॉस्पिटलमधल्या नर्सनं फोनवर वेगळं सांगितलं. पाणी मोजून द्या, पाय उशीवर ठेवा, आणि मंगळवार चुकवू नका. मंगळवार चुकवू नका हे तिनं तीनदा सांगितलं. पेंटरबाईनं तेवढंच ऐकलं.

त्याच दिवशी पाच वाजता प्रार्थना सभा होती. तिथं चिठ्ठ्यांची एक पद्धत होती. पाळकसाहेबांच्या बायकोनं ती सुरू केली, कारण लोक स्वतःसाठी तासभर मागायचे आणि दुसऱ्याला एका वाक्यात उरकायचे. प्रत्येकानं आपली विनंती बिननावाच्या चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि जाताना दुसरी एक उचलायची. हाती येईल ती विनंती आठवडाभर सकाळ-संध्याकाळ स्वतःची समजून करायची. त्यातला शब्द बदलायचा नाही. कुणाची कुणाला आली ते बोलायचं नाही.

पेंटरबाईनं लिहिलं, 'मंगळवारी ताईच्या गाडीला पाच लिटर पेट्रोल मिळो.' डब्यातून दुसरी चिठ्ठी उचलली आणि बाहेर येऊन उघडली. 'ही लढाई भाकिताप्रमाणे शेवटास जावो, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत घडो.'

नाव नव्हतं. पण अक्षरांवरची रेघ पट्टी लावून ओढलेली, आणि पूर्णविराम असा ठासून दिलेला की कागदाला भोक पडलेलं. हे अक्षर तिनं सातवीत फळ्यावर वर्षभर पाहिलं होतं.

आता आली का पंचाईत! लढाई थांबली तर तेल येणार, तेल आलं तर ताई मशीनवर पोचणार. आणि हिनं आठवडाभर मागायचं काय, तर लढाई शेवटपर्यंत चालू दे. संध्याकाळी ब्रश धुताना तिनं ती विनंती कशीबशी उच्चारली. "प्रभू, हे माझं नाही. मी नुसती पोस्टमन आहे. पत्र पोचवलं, तू उघडलं नाहीस तरी चालेल."

शनिवारी सकाळी ती नव्या वचनाचा कागद आणायला मास्तरांकडे गेली. मास्तर एकटे राहत. काकूंना जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घर एका खोलीचं आणि खोलीत दोन पलंग. एकावर पुस्तकं, वह्या आणि चुरगळलेली चादर. दुसरा पलंग मात्र नीट आवरलेला, वर धुतलेली चादर, उशी सरळ, चादर पार जमिनीपर्यंत सोडलेली. मास्तर कागद शोधत असताना पेंटरबाईचं नाक जागं झालं. टर्पेंटाइन, रॉकेल, थिनर, पेट्रोल, हे वास ती झोपेतही वेगळे ओळखते. ती वाकली आणि तिनं चादरीचं टोक उचललं. पलंगाखाली वीस-वीस लिटरचे चार डबे ओळीनं उभे होते.

"मास्तर! हे काय?"

"सावधगिरी," मास्तर म्हणाले. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखा चेहरा त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचा पाहिला होता, आता स्वतःचा झाला.

"शेवट तोंडावर आलाय म्हणता ना? मग शेवटाला पोचायला ऐंशी लिटर लागतं?"

"तू रविवारच्या शाळेत होतीस की नाही?" मास्तरांनी आवाज चढवला. "वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारी. पाच शहाण्या, त्यांनी जादा तेल जवळ ठेवलं. पाच मूर्ख. त्या मागायला आल्या तेव्हा शहाण्यांनी काय सांगितलं? तुम्हालाही पुरायचं नाही आणि आम्हालाही. विकणाऱ्याकडे जा."

"विकणाऱ्याकडे कालच गेलो होतो. नववा नंबर होता. मास्तर, ताईला मंगळवारी न्यायचंय. पाच लिटर द्या. नंतर भरून देईन."

मास्तर चष्मा पुसत राहिले. मग खाली बघून पुटपुटले, "त्यासाठी मी प्रार्थना करतोय," आणि लगेच जीभ चावली.

म्हणजे हिची चिठ्ठी त्यांच्याकडे! हा माणूस ऐंशी लिटरवर बसून देवाकडे पाच लिटर मागत होता. पेंटरबाईला एकाच वेळी हसू आलं आणि संताप आला. तिनं कागद हिसकला आणि तरातरा निघाली.

भिंतीपाशी येऊन तिनं शिडी लावली. कागदावर नवं वचन होतं, सूर्य काळवंडण्याचं आणि तारे गळून पडण्याचं. तिनं खडूनं रेघा आखायला घेतल्या. फलकाखाली रांगेतला एक माणूस स्कूटरला टेकून हाताशी असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होता. वाचून झाली तशी त्यानं बाटली उलटी करून दुसरी बाजू वाचायला घेतली.

"किती वेळ उभे आहात?" पेंटरबाईनं वरून विचारलं.

"अडीच तास. तुमची पाटी पन्नासदा वाचून झाली, म्हणून आता ही बाटली." मग त्यानं मान वर केली. "बाई, त्या धरणीकंपाच्या पुढं काय आहे हो?"

पुढं काय आहे ते पेंटरबाईला माहीतच नव्हतं. सात शब्दांपुढं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आणि दुसरी गोष्ट तिच्या आत्ता लक्षात आली, पेंटर म्हणून तिला खरी लाज वाटली ती हिची. या लोकांच्या गाड्या पळत नव्हत्या. यांच्याकडे तीन सेकंद नव्हते, तीन तास होते. वीतभर अक्षराची गरजच नव्हती. अंगठ्याएवढं पुरलं असतं, आणि फलकावर सातच काय, शंभर शब्द मावले असते.

ती शिडीवरून उतरली, आत जाऊन पाळकसाहेबांचं शास्त्र घेऊन आली आणि तो अख्खा भाग पायरीवर बसून वाचला. लढाया आणि लढायांच्या बातम्या होत्याच. पण त्याच ओळीत पुढं लिहिलं होतं, की घाबरून जाऊ नका, हे सगळं व्हायचंच आहे, एवढ्यानं शेवट होत नाही. दुष्काळ आणि धरणीकंप होते, आणि पुढं होतं की ही नुसती सुरुवातीची कळ आहे. आणखी थोडं खाली एक ओळ होती, दुष्टपणा वाढेल आणि त्यामुळं पुष्कळ जणांची प्रीती थंड पडेल. ती ओळ तिनं दोनदा वाचली.

मग तिनं सगळा फलक पांढरा केला, रंग वाळेपर्यंत रांगेतल्या लोकांशी गप्पा मारल्या आणि बारीक ब्रश घेतला. चार तास लागले. त्या दिवशी टँकर उशिरा आल्यानं रांग दुपारीही पुढं सरकत होती, पण एकेक माणूस आपलं वाक्य पुरं होईपर्यंत जागचा हलेना, आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले. एक बाई शेजारच्या चष्मा विसरलेल्या आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवत होती. ऐकता ऐकता दोन डबे घेऊन आलेल्या एका इसमानं एक डबा गाडीत मागं सारला. एकच सारला, पण सारला.

पाचच्या सुमाराला भाकीतमास्तर आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी फलक बघितला.

"मी हे दिलं नव्हतं."

"तुम्ही सुरुवात दिली होती, मास्तर. मी पुरं केलं. वचन अपुरं लिहिलं म्हणून रागवा, पुरं लिहिलं म्हणून कसे रागावता?"

"एवढं सगळं वाचणार कोण?"

"आम्ही!" रांगेतून चार-पाच जण ओरडले.

मास्तर वाचायला लागले. हा भाग त्यांना तोंडपाठ होता. लढाया, दुष्काळ, धरणीकंप, प्रत्येकाच्या बातम्या कापून त्यांनी वह्यांत चिकटवल्या होत्या. प्रीती थंड पडल्याची बातमी वर्तमानपत्रात येत नाही, म्हणून तेवढी एक खूण त्यांच्या कुठल्याच वहीत नव्हती. त्या ओळीपाशी ते थांबले आणि बराच वेळ तिथंच राहिले. मग शुद्धलेखनाची एकही चूक न काढता निघून गेले. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

शनिवारी भावोजींचा नंबर लागला नाही, आणि रविवारी, सोमवारी टँकरच आला नाही. रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत ताईसाठी शब्द टाकला, एकानं बाटलीभर पेट्रोल आणून दिलं. सोमवारी ताईच्या पायात चप्पल चढेना. ताई तरीही थट्टा करत होती, की आता मला तुझ्या शिडीवर चढवू नकोस, मोडेल. तिला खुर्चीत बसवून पेंटरबाई तिचा पलंग आवरत होती. चादर झटकली, उशी सरळ केली, आणि हात तसाच राहिला. उद्या पेट्रोल मिळालं नाही आणि ताईला काही झालं, तर आपण हा पलंग असाच रोज आवरत राहू, हे तिला एकदम कळलं. चादर धुऊ, उशी सरळ ठेवू, वर्षानुवर्षं. तिला रडू फुटलं.

"काय झालं गं?" ताईनं विचारलं.

"टर्पेंटाइन गेलं डोळ्यात," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ब्रश धुताना तिला मास्तरांचा राग येईना. ज्याला जग संपायची एवढी घाई आहे, त्याचं कुणीतरी जगाच्या पलीकडे वाट बघत असणार. चिठ्ठीतला शब्द बदलायचा नाही असा नियम होता. पेंटरबाईनं तो मोडला, आणि डब्यात ब्रश घुसळत बराच वेळ बोलत राहिली.

मंगळवारी सकाळी सहाला व्हॅन रांगेत लागली. मागच्या सीटवर ताई आडवी, उशीवर पाय. धाप लागत होती, म्हणून थट्टाही बंद झाली होती. भावोजी स्टिअरिंगवर, पेंटरबाई खाली उतरून पुढच्या गाड्या मोजत होती. अठरा, चौदा, अकरा. अकरावर रांग थांबली. मॅनेजर 'संपले'ची पाटी घेऊन बाहेर आला आणि व्हॅनकडे न बघता ती टांगून आत गेला. भावोजींनी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. पेंटरबाई पुढच्या प्रत्येक गाडीकडे गेली, काचा वाजवल्या, एक लिटर द्या म्हणाली, अर्धा द्या म्हणाली. लाज सोडून मागितलं. टाक्या सगळ्यांच्याच रिकाम्या होत्या.

तेवढ्यात रांगेच्या कडेनं एक स्कूटर फटफटत आली. पुढं पायांमध्ये वीस लिटरचा डबा, आणि गळ्यात दोरीनं अडकवलेलं नरसाळं. रांगेतली डोकी वळली. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, आमच्याकडं पण बघा!"

"बघतो, बघतो. घरी अजून तीन आहेत," मास्तर म्हणाले. "आजाऱ्याला न्यायचं असेल त्यांनी या. कागद चालणार नाही, आजारी माणूस दाखवावा लागेल. चाळीस वर्षं पोरांची पोटदुखी तपासलीय मी."

त्यांनी स्वतः डबा उचलला, स्वतः नरसाळं लावलं. एक थेंबही सांडू दिला नाही. डबा पुरा रिकामा झाला तेव्हा भावोजींनी विचारलं, "एवढं?"

"येत्या शुक्रवारचं आणि पुढच्या आठवड्याचंही आहे त्यात," मास्तर म्हणाले. मग पेंटरबाईकडे वळून खालच्या आवाजात, "चार दिवस रोज दोनदा मागत होतो. प्रभू, कुठूनही दे, म्हणायचो. आणि डोळे उघडले की समोर तो पलंग. शेवटी मलाच लाज वाटली त्याच्याकडे मागायची."

"आणि शहाण्या कुमारी?"

"पुढं वाचलं. त्याच अध्यायात खाली तो विचारतो, मी आजारी होतो तेव्हा कुठं होतात." मास्तरांनी नाक ओढलं. "मीसुद्धा तुझ्यासारखाच, सातव्या शब्दाला थांबणारा."

व्हॅनच्या आतून ताईचा बारीक आवाज आला, "मास्तर, बोलणं गाडीत करा. मला उशीर होतोय." त्यांनी स्कूटर चर्चच्या आवारात लावली आणि व्हॅनमध्ये चढले.

साडेआठला ताई मशीनवर होती. नर्सनं पाय दाबून पाहिले, डोळे मोठे केले, आणि वेळेवर आलात, एवढंच म्हणाली. भावोजी खाली गाडीपाशी गेले. कॉरिडॉरमध्ये बाकावर पेंटरबाई आणि मास्तर, मध्ये नरसाळं. काचेतून ताई दिसत होती. तासाभरानं तिच्या चेहऱ्यावरची सूज जरा उतरलेली वाटली, डोळे मिटून ती शांत पडली होती. पेंटरबाईनं पहिल्यांदा पाठ टेकली.

"माझी चिठ्ठी तुझ्याकडे होती," मास्तर समोर बघत म्हणाले. "मी तुझ्या तोंडावरून ओळखलं. केलीस प्रार्थना?"

"तीन दिवस केली, लिहिल्याप्रमाणे. मग नाही जमली, मास्तर. लढाई लांबू दे असं काचेतल्या त्या बाईची बहीण कसं मागेल?"

"मग काय मागितलंस?"

"तुम्हाला काकू भेटाव्यात, एवढंच मागितलं. तुमची चिठ्ठी तेवढीच होती असं मला वाटलं."

मास्तरांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा तिनं आपलं फडकं पुढं केलं, रंगानं भरलेलं. त्यांनी तेच घेतलं आणि डोळ्यांना लावलं. अकरा वर्षं, त्यांनी सांगितलं, दर लढाईला वाटायचं की आता झालं, आता प्रभू येईल, आता ती दिसेल. मग लढाई मिटायची. लोकांना हायसं व्हायचं, आणि हे घरी येऊन चादर धुवायचे.

"आणि एक सांगितलंय त्याला," पेंटरबाई म्हणाली. "म्हटलं, भेटव, पण घाई करू नकोस."

मास्तर काचेतून ताईकडे बघत राहिले.

"बरं केलंस," ते म्हणाले. "शुक्रवारी पुन्हा यायचंय ना?"